‘शतंजीव’: शिंकेला दिल्या जाणाऱ्या उत्तरांचा शोध

शिंकणाऱ्या माणसाला उद्देशून काहीतरी शुभ बोलण्याची चाल जगाच्या इतक्या दूरदूरच्या भागांत आढळते की, तिचा उगम एखाद्या एकाच घटनेत शोधण्याचा मोह विद्वानांना आणि सामान्य वाचकांना सारखाच होत आला आहे. महाराष्ट्रात तान्हे मूल शिंकले की जवळची वडीलधारी बाई ‘शतंजीव’ किंवा ‘औक्षवंत हो’ म्हणते, तेलुगू घरांत त्याच प्रसंगी ‘चिरंजीव’ हा शब्द उच्चारला जातो, तुर्की माणूस ‘चोक याशा’, म्हणजे ‘पुष्कळ जग’, असे म्हणतो, जर्मन माणूस ‘गेझुंडहाइट’ एवढाच, म्हणजे ‘आरोग्य’ एवढाच, शब्द उच्चारून थांबतो, स्पेनमध्ये येशूचे नाव घेतले जाते आणि इंग्रजी बोलणारे ‘ब्लेस यू’ म्हणून मोकळे होतात. या सगळ्यांचे मूळ सांगणारी जी कथा आज सर्वांत अधिक प्रचलित आहे ती रोम शहरातील प्लेगची आहे. ती ऐकायला पटणारी असली तरी काळाच्या कसोटीवर मुळीच टिकत नाही आणि ती का टिकत नाही हे पाहताना या चालीचा खरा इतिहास आपोआप समोर येतो.

कथा अशी सांगितली जाते की, इ. स. ५९० मध्ये रोममध्ये भीषण प्लेग पसरला, त्यात तत्कालीन पोप दुसरा पेलाजियस मरण पावला, त्याच्या जागी आलेल्या ग्रेगरीने शहरभर प्रार्थनेच्या मिरवणुका काढायला लावल्या, आणि शिंक हे रोगाचे पहिले लक्षण असल्यामुळे शिंकणाऱ्याला ‘देव तुझे रक्षण करो’ असे म्हणण्याचा आदेश त्यानेच दिला. यातील प्लेग, पोपचा मृत्यू आणि मिरवणुका या गोष्टी खऱ्या आहेत. ग्रेगरी ऑफ तूर या समकालीन इतिहासकाराने रोममध्ये हजर असलेल्या आपल्या एका धर्मसेवकाच्या तोंडून ऐकलेली हकीकत नोंदवली असून, मिरवणूक चालू असतानाच ८० माणसे कोसळून मेल्याचे त्यात म्हटले आहे; परंतु शिंकेचा किंवा तिच्यासाठी ठरवून दिलेल्या शब्दांचा त्यात उल्लेख नाही. शिंक या कथेत येते ती सुमारे पावणेसातशे वर्षांनंतर, तेराव्या शतकात याकोबुस द व्होराजिने याने संकलित केलेल्या ‘सुवर्णकथा’ या संतचरित्रांच्या ग्रंथात, जेथे त्या साथीत माणसे शिंकता शिंकता मरत असत असे सांगून चालू रूढीचा संबंध त्या प्रसंगाशी जोडलेला आहे. ज्या ग्रंथाचा हेतू भाविकांना बोध करणे हा होता त्यात असे घडणे स्वाभाविक असले, तरी पुढील काळातील लेखकांनी ते इतिहास म्हणून उचलले. वैद्यकाच्या दृष्टीनेही ते जुळत नाही, कारण गाठीच्या प्लेगमध्ये ताप, काखेत किंवा जांघेत येणाऱ्या गाठी आणि ग्लानी ही लक्षणे असतात, शिंक नव्हे. १८९६ पासून मुंबई-पुण्याने जो प्लेग सोसला त्याची आठवणही गाठींची आहे.

कालक्रमाचा आक्षेप तर याहून निर्णायक आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावलेला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथात लोकांच्या निरनिराळ्या समजुतींची यादी देताना विचारतो की, आपण शिंकणाऱ्याला अभिवादन का करतो; आणि पुढे सांगतो की, सर्वांत उदास प्रकृतीचा मानला गेलेला सम्राट तिबेरियस रथातून जात असतानाही बरोबरच्या लोकांकडून हे अभिवादन पाळून घेत असे. पोप ग्रेगरीच्या पाचशे वर्षे आधी जी चाल इतकी जुनी झाली होती की तिचे कारण विचारावे लागत होते, ती चाल ग्रेगरीने सुरू केली असे म्हणता येत नाही. हाच आक्षेप १६४६ मध्ये टॉमस ब्राऊन या इंग्रज वैद्याने लोकभ्रमांवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात प्राचीन लेखकांचे दाखले देऊन मांडला होता. त्याला पावणेचारशे वर्षे उलटली तरी प्लेगची कथा अजून सांगितली जाते, यावरून कारणमीमांसा खरी असण्यापेक्षा ती सांगायला सोयीची असणे किती उपयोगी पडते, हे दिसते.

रोमन साहित्यात या अभिवादनाचे सर्वांत जिवंत पुरावे विनोदी कथांत सापडतात, आणि ते गंभीर ग्रंथांतील पुराव्यांहून अधिक विश्वसनीय मानावेत, कारण प्रेक्षकाला किंवा वाचकाला सवयीची नसलेली रीत विनोदाच्या पायाशी कोणी ठेवत नाही. पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये खाटेखाली लपलेला गिटोन नावाचा मुलगा सलग तीनदा इतक्या जोराने शिंकतो की खाट हादरते, आणि खोलीत असलेला युमोल्पस हा कवी त्या आवाजाकडे वळून त्याला रीतसर ‘सुखी राहा’ असे म्हणतो, त्यामुळे लपण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो. दुसऱ्या शतकातील अप्युलेयसच्या कादंबरीत कापड धुऊन पांढरे करणाऱ्या एका धंदेवाइकाची बायको आपल्या प्रियकराला गंधकाची धुरी देण्याच्या वेताच्या पिंजऱ्याखाली लपवते. धुराने तो शिंकू लागतो, आणि जेवायला बसलेला नवरा ती शिंक बायकोची समजून नेहमीप्रमाणे शुभचिंतन करतो, दुसऱ्यांदा करतो, पुन्हा करतो, आणि शिंका फारच झाल्यावर मग मात्र त्याच्या लक्षात येते की त्या बायकोच्या नाहीत. येथे शुभचिंतन इतके यांत्रिक झालेले आहे की बोलणाऱ्याला आपण कोणाला उद्देशून बोलत आहोत हेही पाहावेसे वाटत नाही.

रोमच्याही मागे ग्रीकांकडे गेले तर मात्र चित्र बदलते, कारण तेथे शिंकणाऱ्याला काय म्हणायचे यापेक्षा शिंक काय म्हणते याला अधिक महत्त्व होते. ‘ओडिसी’ महाकाव्याच्या सतराव्या सर्गात पेनेलोपी ही राणी, पती परत आला तर घरात घुसलेल्या मागणीदारांचा तो सूड घेईल, असे बोलत असतानाच तिचा मुलगा टेलेमाकस घर दणाणेल अशी शिंक देतो, आणि राणी हसून म्हणते की आता त्यांचे मरण अटळ आहे, कारण तिच्या शब्दांवर शिंकेने शिक्कामोर्तब केले आहे. इ. स. पू. ४०१ मध्ये इराणच्या साम्राज्यात अडकून पडलेल्या आणि सेनापती दग्याने पकडले गेलेल्या ग्रीक भाडोत्री सैनिकांसमोर झेनोफोन भाषण करत होता. सुटकेची आशा आहे, असे तो म्हणत असतानाच कोणीतरी शिंकले, सगळ्या सैनिकांनी एकदम देवाला वंदन केले, आणि वक्त्याने तो धागा पकडून रक्षणकर्त्या झ्यूसला नवस बोलण्याचा ठराव तेथल्या तेथे मंजूर करून घेतला. ज्याने हा प्रसंग लिहून ठेवला तो झेनोफोन स्वतःच असल्यामुळे शिंकेच्या शुभत्वावर त्याचा किती विश्वास होता आणि तिचा त्याने किती चतुर उपयोग केला, हे वाचकाने ठरवायचे. शिंकेचा कौल प्रत्येक वेळी अनुकूलच येई असे मात्र नाही: इ. स. पू. ४९० मध्ये इराणी सैन्याला घेऊन मॅरेथॉनला उतरलेला अथेन्सचा पदच्युत हुकूमशहा हिप्पियस म्हातारा झाला होता, त्याचे दात हलत होते, आणि हिरोडोटसच्या सांगण्याप्रमाणे शिंक व खोकल्याच्या उबळीत त्याचा एक दात वाळूत पडला आणि खूप शोधूनही सापडला नाही, तेव्हा या भूमीत आपला जो वाटा होता तो त्या दाताने घेतला, असे म्हणून त्याने निःश्वास टाकला.

शिंकेलाच हा मान का, ढेकर किंवा अपानवायू यांना का नाही, असा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘समस्या’ या प्रश्नोत्तरांच्या संग्रहात सरळ विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तर असे दिले आहे की, शरीरातून निघणाऱ्या तिन्ही वाऱ्यांपैकी शिंक ही मस्तकातून, म्हणजे शरीराच्या सर्वांत दैवी भागातून येते. त्याच संग्रहात सूर्याकडे पाहिल्यावर शिंक का येते, हाही प्रश्न आहे. ही घटना खरी असून काही माणसांना उजेडात आल्याबरोबर शिंका येतात, त्याचे कारण आजही पूर्ण उलगडलेले नाही.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, जो शिंकेवरील लेखनात बहुधा पुसला जातो. शिंक हा शकुन आहे, ही एक समजूत. आणि शिंकणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, ही दुसरी चाल. पहिलीत शिंक भविष्याविषयी काहीतरी सांगते आणि ऐकणारा ते वाचतो, म्हणून शिंकणाऱ्याचे काय होते याला महत्त्व नसते; दुसरीत शिंकणाऱ्याच्याच जिवाचा प्रश्न असतो. दोन्ही समजुती एकाच समाजात सुखाने नांदतात आणि एकमेकींत मिसळतात, तरी त्यांचा उगम एक मानायला आधार नाही.

भारतात दोन्हींचे पुरावे जुने आहेत. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात अशुभ शिंक दूर जावी आणि पुण्यकारक शिंकेचा लाभ व्हावा, अशी मागणी आहे, म्हणजे शिंकेचे शुभ आणि अशुभ असे दोन प्रकार तेव्हाच ठरलेले होते. विष्णुपुराण आणि भागवत या दोन्ही पुराणांत तर सूर्यवंशाचा मूळपुरुष इक्ष्वाकू हा मनूला शिंक आली असता त्याच्या नाकातून जन्मला, असे सांगितले आहे. ज्या वंशात पुढे रामचंद्र झाले त्या वंशाची सुरुवात शिंकेतून होते, ही गोष्ट रामकथा ऐकणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात राहते. शिंकेतून जीव प्रकट होण्याची कल्पना केवळ येथलीच नाही. प्राचीन इजिप्तच्या पिरॅमिडांतील लेखांत आद्य देव आतुम याने शू या वायुदेवाला शिंकून जन्म दिल्याचे म्हटले आहे. हिब्रू बायबलमध्ये अलीशा या संदेष्ट्याने मृत मुलाला पुन्हा जिवंत केले तेव्हा ते मूल सात वेळा शिंकले आणि मग त्याने डोळे उघडले. आणि इस्लामी परंपरेत आदमच्या देहात प्राण फुंकल्यावर त्याची पहिली क्रिया शिंक हीच होती. नवजात अर्भके वारंवार शिंकतात, कारण नाकाचा मार्ग मोकळा करण्याचे त्यांचे साधन तेच असते. सुईणींना आणि आयांना हे नेहमीच ठाऊक असणार, आणि या कथांच्या मुळाशी हा रोजचा अनुभव असावा असे मानणे फारसे धाडसाचे नाही.

शिंकेच्या उत्तराविषयी सर्वांत तपशीलवार आणि सर्वांत शहाणपणाचा जुना पुरावा बौद्ध वाङ्मयात आहे. ‘गग्गजातक’ या कथेत वाराणसीबाहेरच्या एका पडशाळेत राहणाऱ्या यक्षाने बारा वर्षे सेवा करून कुबेराकडून असा वर मिळवलेला असतो की, शाळेत कोणी शिंकले असता जो ‘जीव’ म्हणणार नाही आणि त्यावर जो ‘प्रतिजीव’, म्हणजे ‘तूही जग’, असे उत्तर देणार नाही त्याला त्याने खावे. मुक्कामाला आलेला गग्ग नावाचा ब्राह्मण यक्षाने टाकलेल्या बारीक चूर्णामुळे शिंकतो, त्याचा मुलगा आधी गप्प राहतो, यक्ष खाली उतरू लागतो, आणि मुलगा प्रसंग ओळखून वडिलांना शंभरावर आणखी वीस वर्षांचे आयुष्य चिंततो; वडीलही तसेच प्रतिवचन देतात आणि दोघे वाचतात. या कथेत शिंकणारा जितका धोक्यात आहे तितकाच, किंबहुना अधिक, धोक्यात गप्प बसणारा आहे, आणि हीच तिची मार्मिक बाजू: उत्तर देणे हा ऐकणाऱ्याचा उपकार नसून त्याच्यावरील बंधन आहे, आणि उत्तराला प्रत्युत्तर देणे हे शिंकणाऱ्यावरील.

या कथेच्या नेमका उलटा वाटावा असा प्रसंग विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, चुल्लवग्ग नावाच्या भागात आला आहे. भगवान बुद्ध धर्मोपदेश करत असताना त्यांना शिंक आली, आणि जमलेल्या भिक्षूंनी भगवान चिरकाल जगोत अशा घोषाचा एवढा कल्लोळ केला की उपदेशच खंडित झाला. बुद्धांनी त्यांना विचारले की, शिंकेवर ‘जगा’ असे म्हटल्याने कोणी जगतो किंवा न म्हटल्याने मरतो काय. भिक्षूंनी नाही असे उत्तर दिले, आणि तेव्हा शिंकेवर असे बोलू नये, बोलल्यास ‘दुक्कट’, म्हणजे सौम्य स्वरूपाचा आचारदोष, लागेल, असा नियम झाला. प्रकरण येथे संपले असते तर ते अंधश्रद्धेच्या खंडनाचे एक साधे उदाहरण ठरले असते. परंतु पुढे असे घडले की भिक्षू शिंकले असता गृहस्थ त्यांना ‘जगा’ म्हणत आणि नियमाच्या भीतीने भिक्षू काहीच बोलत नसत, त्यामुळे शाक्यपुत्रीय श्रमणांना, म्हणजे बुद्धांच्या भिक्षूंना, साधी रीतभात कळत नाही, अशी लोकांत नाराजी पसरली. ही गोष्ट कानावर आल्यावर बुद्धांनी गृहस्थ मंगल मानणारे असतात, असे कारण देऊन, लोकांनी ‘जगा’ म्हटल्यास ‘चिरकाल जग’ असे उत्तर देण्याची भिक्षूंना परवानगी दिली. शब्दांत सामर्थ्य नाही हे मत कायम ठेवून बोलण्याची मोकळीक देणे, म्हणजे समजूत आणि सौजन्य यांना वेगळे करणे होय, आणि शिंकेच्या उत्तराविषयी नंतरच्या काळात जे जे लिहिले गेले त्यात या निवाड्याइतके नेमके क्वचितच काही आढळते.

ज्यू परंपरेतील एक नोंद या प्रसंगाशी आश्चर्यकारक साम्य दाखवते. तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रातील चर्चांचा संग्रह, असे सांगतो की रब्बान गमलिएलच्या घराण्यात अभ्यासगृहात कोणी शिंकले असता ‘मार्पे’, म्हणजे ‘बरे वाटो’, असे म्हणत नसत, कारण त्यामुळे अध्ययनात खंड पडे. अन्य एका जुन्या संग्रहात तर असे म्हणणे ही परकीयांची भोळी रीत म्हणून निषिद्ध ठरवली आहे. या बंदीचा परिणाम किती झाला हे नंतरच्या ‘पिर्के द-रब्बी एलिएझर’ या ग्रंथावरून कळते, कारण त्यात चालीला चक्क धर्मकथेचा आधार दिलेला आहे: सृष्टीच्या आरंभापासून याकोबाच्या काळापर्यंत कोणी आजारी पडत नसे, माणूस जेथे असेल तेथे शिंकत असे आणि त्याचा जीव नाकावाटे निघून जाई, याकोबाने मृत्यूपूर्वी मुलांना चार शब्द सांगता यावेत म्हणून देवाची करुणा भाकली आणि आजार जन्माला आला, म्हणून शिंकणाऱ्याला ‘जीवन’ असे म्हणावे. शिंक ही मृत्यूची जुनी पद्धत आणि आजार ही तिच्या जागी मिळालेली सवलत, हा विचार विलक्षण आहे.

इस्लामने ही चाल बंद करण्याऐवजी तिला पायऱ्या बांधून दिल्या. सहीह बुखारी या हदीससंग्रहानुसार शिंकणाऱ्याने स्वतः ‘अल्हम्दुलिल्लाह’, म्हणजे ‘स्तुती अल्लाहची’, असे म्हणायचे, ऐकणाऱ्याने ‘यर्‌हमुकल्लाह’, म्हणजे ‘अल्लाह तुझ्यावर दया करो’, असे उत्तर द्यायचे, आणि शिंकणाऱ्याने पुन्हा त्याला सन्मार्ग व कुशल चिंतायचे. यात पुढाकार शिंकणाऱ्याचा आहे, हे विशेष. पैगंबरांसमोर दोन माणसे शिंकली असता त्यांनी एकालाच उत्तर दिले आणि कारण विचारल्यावर सांगितले की त्याने देवाची स्तुती केली होती, दुसऱ्याने केली नव्हती. आणि एक जण पुन्हा शिंकला तेव्हा, याला सर्दी झाली आहे, असे त्यांनी म्हटल्याचीही नोंद आहे, म्हणजे सौजन्यालाही व्यवहाराची मर्यादा होतीच.

विधीच्या बाजूने पाहता हिंदू धर्मशास्त्राने लक्ष घातले ते ऐकणाऱ्याच्या शब्दांत नव्हे, तर शिंकणाऱ्याच्या शुद्धीत. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, थुंकल्यावर, खोटे बोलल्यावर जसे आचमन करावे, म्हणजे मंत्रपूर्वक पाण्याचे घोट घ्यावेत, तसेच शिंकल्यावरही करावे, असे मनुस्मृती सांगते, आणि पाणी जवळ नसेल तर उजव्या कानाला स्पर्श करण्याचा सुटसुटीत पर्याय पराशरस्मृतीत दिलेला आहे. आयुर्वेदाची दृष्टी याहून निराळी आणि अधिक व्यवहारी होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अडवू नयेत असे १३ वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक प्रेरणा, मोजले असून त्यांत ‘क्षवथु’, म्हणजे शिंक, आहे. ती दाबल्यास मान आखडणे, डोके दुखणे, तोंड वाकडे होणे, अर्धशिशी आणि इंद्रियांची दुर्बलता हे विकार होतात असे तेथे म्हटले आहे. याच्या उलट, तापकऱ्याला शिंक येणे हे ताप उतरल्याचे लक्षण म्हणून ‘माधवनिदान’ या रोगनिदानाच्या ग्रंथात नोंदलेले आहे, आणि शिंक आल्यास उचकी थांबते असे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांतही आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला शिंक हे बरे होण्याचे चिन्ह वाटत असेल, तर त्या वेळी तोंडातून आयुष्याचा आशीर्वाद निघणे अगदी साहजिक ठरते.

एकोणिसाव्या शतकात या साऱ्या सामग्रीला एका सिद्धांतात बसवण्याचा मोठा प्रयत्न एडवर्ड टायलर या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथात केला. माणसाच्या शरीरात आत्मे शिरतात किंवा त्यातून निघून जातात, अशी आदिम कल्पना होती, शिंक हे त्या ये-जाचे लक्षण मानले जाई, आणि सुधारलेल्या समाजांतील अभिवादन हा त्या लोपलेल्या श्रद्धेचा ‘अवशेष’, म्हणजे अर्थ हरवूनही टिकून राहिलेली रीत आहे, असे त्याचे म्हणणे होते. झुलू लोक शिंक आली की पूर्वजांचा आत्मा आपल्यापाशी आला असे मानून त्याचे आभार मानतात, हा त्याचा सर्वांत बळकट दाखला. फ्लोरिडाच्या स्पॅनिश मोहिमेत एका स्थानिक प्रमुखाला शिंक आली तेव्हा त्याच्या लोकांनी नमून सूर्याने त्याचे रक्षण करावे असे म्हटल्याची हकीकतही त्याने वापरली आहे. ती गार्सिलासो दे ला व्हेगा याने १६०५ मध्ये छापलेल्या ग्रंथातील असून, तो लेखक त्या मोहिमेत नव्हता, हे ध्यानात ठेवणे बरे. टायलरची सामग्री आजही उपयोगी आहे, परंतु त्याच्या निष्कर्षात एक गफलत दिसते: आत्मा शिंकेबरोबर निसटतो ही समजूत आज जितक्या सरसकट सांगितली जाते तितक्या स्पष्टपणे ती जुन्या ग्रंथांत फारशी आढळत नाही, आणि जेथे आढळते तेथे, ज्यू कथेप्रमाणे, ती चाल रूढ झाल्यावर तिच्या समर्थनासाठी रचलेली दिसते. मनू, आतुम, अलीशा आणि आदम यांच्या कथांत शिंकेबरोबर जीव जात नाही, येतो.

पूर्व आशियात आणखी तिसरी समजूत दिसते. चीनमध्ये शिंक आली की कोणीतरी आपली आठवण काढत आहे असे मानतात, आणि ही समजूत किती जुनी आहे याची साक्ष दुसऱ्या शतकातील भाष्यकार झंग श्वान देतो. ‘शिजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहातील एका कवितेवर लिहिताना, आजही लोक शिंकले की कोणी आपल्याविषयी बोलत आहे असे म्हणतात आणि ही जुन्यांची रीत आहे, असे त्याने नोंदवले आहे. महाराष्ट्रात हे काम उचकीकडे आहे. जपानमध्ये आठवणीच्या समजुतीबरोबर संरक्षणाचा मंत्रही होता: चौदाव्या शतकातील योशिदा केन्को या लेखकाने आपल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या स्फुटलेखांत कियोमिझू देवळाकडे निघालेल्या एका वृद्ध जोगिणीची गोष्ट सांगितली आहे, जी वाटभर ‘कुसामे, कुसामे’ असे पुटपुटत चालली होती, पुन्हा पुन्हा विचारल्यावर ती चिडून म्हणाली की शिंकल्यावर हा शब्द म्हटला नाही तर माणूस मरतो, आणि तिने वाढवलेला मुलगा हिएई डोंगरावरच्या मठात शिकतो आहे, तो या क्षणी शिंकत असेल तर काय.

महाराष्ट्रातील घरांत शकुन आणि आशीर्वाद हे दोन्ही प्रवाह आजही शेजारी शेजारी वाहतात आणि त्यांच्यातील विसंगती कोणाला खटकत नाही. तीच आजी तान्ह्या नातवाच्या शिंकेला ‘शतंजीव’ म्हणते आणि मुलगा कामासाठी उंबरठा ओलांडत असताना तोच नातू शिंकला तर मुलाला परत बोलावून घोटभर पाणी पिऊन क्षणभर बसायला लावते. एक शिंक अडवते आणि लागोपाठ दुसरी आली तर अडसर दूर झाला असे धरतात. आणि कोणी काही सांगत असताना शिंक आली तर ते बोलणे खरे ठरले असे मानणारी घरेही आहेत, ज्यात पेनेलोपीला काही नवल वाटले नसते. ठरलेल्या कामात अनपेक्षित विघ्न आले की ‘माशी शिंकली’ असे म्हणतात. शिंक आल्यावर थोडे थांबावे ही रीत इराणमध्येही आहे आणि तेथे तिला ‘सब्र आमद’, म्हणजे ‘धीर धरण्याची सूचना आली’, असे म्हणतात. शकुनाच्या भीतीने मुलांना शिंक दाबायला लावणारी मोठी माणसे चरकाच्या सांगण्याच्या नेमके उलट वागत असतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे नाक-तोंड दाबून शिंक अडवल्यामुळे एका ३४ वर्षांच्या माणसाचा घसा आतून फाटल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा वैद्यांनी दिलेला सल्ला चरकाहून फारसा वेगळा नव्हता.

शिंकताना हृदय थांबते आणि म्हणून आशीर्वाद देतात, ही अलीकडे पसरलेली समजूतही खरी नाही. नाकाच्या अस्तराला उद्दीपन मिळाले की चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूंद्वारे ते मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत पोहोचते, तेथून छाती, पोट आणि घसा यांच्या स्नायूंना एकदम आज्ञा जाते, छातीतील दाब वाढून एकदम सुटतो, आणि त्या दाबामुळे ठोक्यांच्या लयीत क्षणभर फरक पडू शकतो. हृदयाची विद्युत्क्रिया मात्र बंद पडत नाही. ही सगळी साखळी एकदा सुरू झाली की इच्छेने थांबवता येत नाही, आणि आपल्याच शरीरात आपल्याला न विचारता काहीतरी घडून जाते हा अनुभव, अथर्ववेदाच्या काळी जितका होता तितकाच, आजही प्रत्येकाला येतो.

गेल्या काही दशकांत शहरी महाराष्ट्रात एक निराळाच बदल दिसतो. कार्यालयात किंवा रेल्वेच्या डब्यात मोठा माणूस शिंकला तर ऐकणारे काहीच बोलत नाहीत. बोलतो तो शिंकणारा, आणि तोही ‘सॉरी’ किंवा ‘एक्स्क्यूज मी’ असे. २०२० मधील कोरोनाच्या साथीने ही वाट आणखी रुंद केली, कारण शिंकेतून उडणारे सूक्ष्म तुषार हवेच्या ढगाबरोबर सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतात, हे प्रयोगांतून दिसलेले होते, आणि रुमाल किंवा कोपर तोंडाशी धरण्याची सूचना जागोजागी लागली. पैगंबर शिंकताना तोंडावर हात किंवा वस्त्र धरीत आणि आवाज दाबत असत, अशी हदीसची एक नोंद त्या काळात पुन्हा पुन्हा सांगितली गेली. हजारो वर्षे उत्तर देण्याचे बंधन ऐकणाऱ्यावर होते, ते आता क्षमा मागण्याच्या रूपाने शिंकणाऱ्याकडे सरकले आहे, आणि मराठी घरात ‘शतंजीव’ हा शब्द उरला आहे तो प्रामुख्याने ज्याला अजून क्षमा मागता येत नाही अशा तान्ह्या मुलापुरता.